ट्रॅकसाठी परवडणारी चाकं: टायरपासून उलटा हिशोब

माझी स्विफ्ट २०१४ची, पेट्रोल, व्हीएक्सआय. कंपनीकडून तिला पत्र्याच्या डिस्क, म्हणजे साधी स्टीलची चाकं, आणि १६५/८० आर १४ टायर आले. गाळप हंगामात उसाच्या ट्रॉल्या सांगली-कोल्हापूर रस्त्याची जी दशा करून ठेवतात, तिथं या टायरसारखा सोबती नाही. १६५ चे ८० टक्के म्हणजे १३२ मिलिमीटर उंचीची रबरी भिंत. खड्डा आला तरी कमरेला कळत नाही. मी ही गाडी रेसिंग ट्रॅकवरही नेतो, आणि तिथं मात्र हीच भिंत आड येते. स्टिअरिंग वळवलं की आधी ती लवते, मग गाडी वळते. टायरच्या कडेवर खडूने आडव्या रेघा मारून फेऱ्या मारल्या आणि खाली उतरून पाहिलं, तर पुढच्या दोन्ही टायरांवरच्या रेघा भिंतीवर बऱ्याच खालपर्यंत पुसल्या गेल्या होत्या. टायर नक्षीवर चालायचा सोडून खांद्यावर चालत होता.

त्या रेघा बघूनच चाकं बदलायचं ठरलं. बजेट तीस हजार, तेही फक्त चाकांचं. टायर, ब्रेक पॅड आणि डॉट ४ ब्रेक ऑइल त्याच पगारातून यायचं होतं, त्यामुळे वर एक रुपयाही चढवायचा नव्हता.

कुपवाड एमआयडीसीतल्या एका मशीनशॉपमध्ये मी क्वालिटीला आहे. दिवसभर कास्टिंग हातात असतं: बोअर, म्हणजे मधलं भोक, मोजायचा, रनआउट, म्हणजे फिरताना किती डगमगतं ते, बघायचा, ब्लोहोल, म्हणजे ओतताना राहिलेली पोकळी, दिसला की जॉब बाजूला काढायचा. सांगली-कोल्हापूर पट्ट्यात फाउंड्रीचं काम मुरलेलं आहे. किर्लोस्करवाडीचा कारखाना १९१० सालचा, आणि शिरोली, गोकुळ शिरगावला घरटी एक माणूस ओतकामाशी जोडलेला सापडतो. त्यामुळे चाकाकडे मी आधी ओतीव वस्तू म्हणून बघतो, शोभेची वस्तू म्हणून नंतर. चाक हा गाडीचा असा भाग आहे की तो तुटला तर पुढं काहीच हातात राहत नाही. तरी लोक चाक घेताना रंग आधी बघतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

शंभर फुटी रोडला आमचे जे मिस्त्री आहेत त्यांना सांगितलं तेव्हा शेजारच्या पोरांनी लगेच फर्मान काढलं. "सतरा इंची घाल की भावा, गाडी काय दिसंल!" मिस्त्री मात्र म्हणाले, "आधी टायर कुठला घालणार ते सांग. रिमचं मग बघू."

पूर्ण हिशोबाची किल्ली तीच निघाली. ट्रॅकवर पकड टायरची असते. चाक फक्त टायरला सरळ आणि गोल धरून ठेवतं. टायर संपतो आणि पुन्हा पुन्हा घ्यावा लागतो, चाक एकदाच. म्हणजे ज्या साइजचा चांगला टायर स्वस्त पडतो आणि पटकन मिळतो, त्या साइजचं चाक खऱ्या अर्थाने स्वस्त. १४ इंचात मऊ कंपाउंडचे, कडक भिंतीचे टायर शोधायला गेलो तर हाताला फारसं काही लागेना. १७ इंचाचे टायर महाग, आणि चाकाचा घेर वाढला की त्याचं जड वजन केंद्रापासून लांब जातं. फिरणारं वजन परिघाकडे असेल तर वेग घेताना ते जवळजवळ दुपटीने भारी पडतं. शिवाय मला ट्रेलर परवडत नाही. कोइम्बतूरजवळच्या करी मोटर स्पीडवेला जायचं तर सांगलीहून हजारेक किलोमीटर याच गाडीत, याच चाकांवर जायचं. ट्रॅक जेमतेम २.१ किलोमीटरचा आणि त्याच्यापर्यंतचा रस्ता असा लांब. कागल ते सातारा महामार्गाचं रुंदीकरण ज्यांनी पाहिलंय त्यांना पातळ टायरवर १७ इंची रिमचं काय होतं हे वेगळं सांगायला नको.

म्हणून १५ इंच. त्यात टायर १९५/५५ आर १५. भिंतीची उंची १०७ मिलिमीटर, म्हणजे आधीपेक्षा २५ने कमी. पूर्ण टायरचा व्यास साधारण ५९६ मिलिमीटर येतो, जुन्याचा ६२० होता. जवळपास चार टक्के फरक. स्पीडोमीटर शंभर दाखवेल तेव्हा गाडी प्रत्यक्षात शहाण्णवने चाललेली असेल, गाडी बारा मिलिमीटर खाली येईल आणि प्रत्येक गिअर चार टक्क्यांनी आखूड झाल्यासारखा वागेल. १.२ लिटरच्या इंजिनाला वळणातून बाहेर पडताना हा आखूडपणा उपयोगीच पडतो. घरच्या वापरासाठी १९५/६० घेतला असता तर व्यास जवळपास मूळचाच राहिला असता. ज्याला ट्रॅकला जायचं नाही त्याला मी तोच सांगेन.

या टायरला साडेपाच ते सात इंच रुंदीची रिम चालते. साडेपाचवर टायर आत ओढला जातो आणि भिंत फुगते. साडेसहावर ती ताठ उभी राहते. मला ताठच हवी होती.

आता ऑफसेट, म्हणजे चाक गाडीच्या हबला जिथं टेकतं ती जागा रुंदीच्या मध्यापासून किती बाहेर आहे ते अंतर. इथं लोक दुकानदाराच्या "बसतंय, बसतंय" वर विश्वास ठेवतात. बसणं आणि बरोबर बसणं यात फरक आहे. माझी डिस्क पाच इंच रुंद. साडेसहाची रिम म्हणजे दीड इंच जास्त, दोन्ही बाजूंना एकोणीस-एकोणीस मिलिमीटर. ऑफसेट मूळपेक्षा पाचने कमी घेतला तर बाहेरच्या बाजूला चोवीस आणि आत चौदा मिलिमीटर जागा लागणार. जॅक लावून आत स्ट्रट (सस्पेन्शनचा उभा दांडा) आणि टायरमधलं अंतर मोजलं, स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून पुन्हा मोजलं. आत जागा होती. बाहेर मडगार्डच्या आत राहत होतं. ऑफसेट याहून कमी घेतला तर चाक बाहेर येऊन गाडी रुबाबदार दिसते खरी, पण बेअरिंगवरचा ताण वाढतो आणि खड्ड्यात स्टिअरिंग हातातून ओढ घेतं. कुणाच्या चाकावर आकडा कोरलेला नसेल तर ते पालथं घालायचं, रिमच्या कडांवर सरळ पट्टी ठेवायची, पट्टीपासून हबच्या बसणीपर्यंतची खोली मोजायची आणि त्यातून कडेपासून कडेपर्यंतच्या एकूण रुंदीचा निम्मा भाग वजा करायचा. उरतं ते ऑफसेट. व्हर्नियर आणि एक पट्टी पुरते.

बाकीचे आकडे सोपे: चार बोल्ट, १०० मिलिमीटरचा पीसीडी, म्हणजे बोल्ट ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास, हबचा व्यास ५४.१, बोल्टचे आटे १२ बाय १.२५.

वजनाचा मोह मोठा असतो, आणि त्याला कारणही आहे. जपानच्या रेज कंपनीचं टीई३७ हे चाक १९९६ साली आलं. त्याच्या नावातले ३७ म्हणजे १५ इंची, सहा इंच रुंद चाकाचं ३.७ किलो वजन. ते फोर्ज केलेलं, म्हणजे दाबून घडवलेलं. त्याच्या सहा पाकळ्यांची नक्कल आज कुठल्याही दुकानात टांगलेली दिसते. ताणकाटा खिशात घेऊनच मी फिरत होतो. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरच्या बाजूला एका दुकानात सहा पाकळ्यांचं १५ इंची चाक काट्याला अडकवलं तर आठ किलोच्या वर गेलं. माझी १४ इंची पत्र्याची डिस्क सात किलोच्या आत होती. अलॉय म्हणजे हलकं, हा समज तिथंच संपला. स्वस्त ओतीव चाकात धातूवर भरवसा नसतो, म्हणून जाडी वाढवून ठेवलेली असते. त्याच चाकाला आठ भोकं होती, दोन वेगवेगळ्या पीसीडीची, म्हणजे एकच माल सगळ्या गाड्यांना खपतो. जिथं सगळा ताण एकवटतो त्या मध्यभागी नको असलेली चार भोकं मला ट्रॅकवर नको होती.

आमच्या फाउंड्रीकडच्या मेटलर्जीच्या सरांना विचारलं. ते म्हणाले, "चाक आधी वाकलं पाहिजे. न वाकता तुटतंय ते चाक नव्हे." चाकांसाठी बहुतेक ठिकाणी ए३५६ हे अ‍ॅल्युमिनियम वापरतात, ज्यात सात टक्के सिलिकॉन आणि थोडं मॅग्नेशियम असतं. ओतल्यावर त्याला टी६ उष्णतोपचार द्यावा लागतो: ५४० अंशांच्या आसपास तापवून पाण्यात गार करायचं, मग कमी तापमानावर काही तास धरायचं. हा उपचार नीट झाला तर ताकदही येते आणि लवचीकपणाही. घाईत झाला किंवा झालाच नाही, तर चाक वरून तंतोतंत तसंच दिसतं. लो-प्रेशर पद्धतीने ओतलेल्यात पोकळ्या कमी राहतात, आणि फ्लो-फॉर्म केलेल्यात रिमचा घेर रोलरखाली दाबून पातळ आणि घट्ट केलेला असतो. फ्लो-फॉर्म मला मनापासून आवडलेलं, पण भाव पन्नास हजारांच्या पुढं. ते बाजूला ठेवलं.

डोळ्यांना दिसत नाही म्हणून खुणांवर जावं लागतं. चाकाच्या मागच्या बाजूला किंवा पाकळीच्या आत कोरलेलं वाचायचं: साइज, ऑफसेट, भार पेलण्याची मर्यादा आणि मानकाची खूण. जपानी पद्धतीत जेडब्ल्यूएल ही खूण उत्पादक स्वतः लावतो, व्हीआयए ही खूण बाहेरच्या तपासणीनंतर मिळते. आपल्याकडे आयएस १६१९२ हे मानक आहे आणि त्यासोबत आयएसआयची खूण असते. तपासण्यांचा गाभा सगळीकडे सारखा: वळणावरचा वाक पुन्हा पुन्हा देऊन बघणं, उभा भार देऊन फिरवणं, आणि चाक १३ अंशांत तिरकं ठेवून वरून वजन आदळणं. भाराचा आकडा कोरलेलाच नसेल तर ते चाक मी हातातही धरत नाही. माझ्या गाडीचं वजन चालकासकट हजार किलोच्या वर, आणि त्यातलं निम्म्याहून बरंच जास्त पुढच्या चाकांवर. ब्रेक मारत वळणात शिरताना बाहेरच्या पुढच्या चाकावर क्षणभर निम्मी गाडी येते. त्यामुळे ५६० किलोच्या खालचं काही बघायचं नाही असं ठरवलं.

जुनी कंपनीची अलॉय चाकं हा माझा पहिला पसंतीचा मार्ग होता. कंपनीचं चाक कडक तपासणीतून आलेलं असतं आणि जुन्या बाजारात दहा-बारा हजारांत चार मिळतात. ४ बाय १०० पीसीडी आणि ५४.१ बोअर स्विफ्टखेरीज टोयोटा इटिओस, ह्युंदाई आय२० यांनाही आहे, म्हणजे निवडीला वाव होता. होंडाची चाकंही ४ बाय १००ची, बोअर ५६.१, पण मी ती घेतली नाहीत. होंडाच्या चाकात नटची बसण गोलाकार असते आणि स्विफ्टचा नट ६० अंशांच्या शंकूचा. शंकू गोल खोबणीत बसवला तर पूर्ण पृष्ठभाग टेकत नाही, फक्त एक गोल रेघ टेकते. टॉर्क, म्हणजे नट आवळल्याचा जोर, बरोबर दिसतो आणि ट्रॅकच्या उष्णतेत नट सैल होतो. ही गोष्ट ओरडून सांगावी अशी आहे, कारण चाक हातात घेऊन कुणी नटची बसण बघत नाही.

एक १५ इंची संच मिळाला, दिसायला स्वच्छ, नवीन चंदेरी रंग मारलेला. दुकानदाराला म्हणालो, "अण्णा, एक दिवस तपासायला देता काय? पैसे ठेवून जातो." ते तयार झाले. शॉपमध्ये मालकांची परवानगी घेऊन संध्याकाळी चाकं बसवून, फिरवून किती डगमगतात ते मोजायला डायल गेज लावला. तीन चाकं अर्ध्या मिलिमीटरच्या आत. चौथं बाजूला दीड मिलिमीटर हलत होतं. मग पाकळ्यांच्या मुळाशी आणि आतल्या घेरावर रंग काढून डीपी केली, म्हणजे डाय पेनिट्रंट: स्वच्छ करायचं, लाल द्रव लावून थांबायचं, पुसायचं, वर पांढरं डेव्हलपर फवारायचं. बारीक भेग असेल तर लाल रंग पांढऱ्यातून वर येतो. त्या चौथ्या चाकाच्या आतल्या कडेला नखाएवढी लाल रेघ उमटली. शेजारी वेल्डिंग घासून काढल्याच्या खुणा होत्या. वेल्डिंगच्या उष्णतेने टी६चा परिणाम त्या पट्ट्यात निघून जातो. जोड पक्का दिसला तरी त्याच्या बाजूचा धातू मऊ पडलेला असतो. गावातल्या गावात फिरायलाही असं चाक मी कुणाला देणार नाही. संच परत केला, रेघ दाखवली. अण्णांनी पैसे बिनबोभाट परत दिले आणि ते चाक वेगळं काढून ठेवलं.

तीन चाकांना चौथं जुळवायला बराच शोध घेतला. वर्ष जुळलं तर ऑफसेट जुळेना. शेवटी नवीनकडे वळलो.

जे घेतलं ते भारतात ओतलेलं, १५ बाय साडेसहा, एकाच पीसीडीची चारच भोकं, भार ५९० किलो कोरलेला, आयएसआयची खूण, पाकळ्या साध्या. काट्यावर प्रत्येकी सात किलोच्या जरा खाली. म्हणजे पत्र्याच्या डिस्कपेक्षा दीड इंच रुंद आणि एक इंच मोठं असूनही वजन तेवढंच. चारांचे सव्वीस हजार. दुकानात ग्लॉस काळ्या रंगाला दोन हजार जास्त होते. मी चंदेरीच घेतलं, कारण उजळ रंगावर भेग आणि ब्रेकच्या धुळीतली ओल लवकर दिसते. घरी बायकोलाही चंदेरीच आवडली, हे वरचं.

मधला बोअर ६७.१, हब ५४.१. मधली जागा भरायला दुकानात प्लास्टिकच्या रिंगा मिळतात. रस्त्यावर त्या चालतात. ट्रॅकवर ब्रेकची उष्णता हबमध्ये उतरते आणि प्लास्टिक नरम होऊन चिकटतं. आमच्या टर्नरदादांनी ६०६१ अ‍ॅल्युमिनियमच्या बारमधून चार रिंगा काढून दिल्या. बाहेरचा व्यास सहज हाताने बसेल इतका कमी, आतून कडेला चॅम्फर, म्हणजे तिरकी कापलेली कड, कारण हबच्या मुळाशी छोटी गोलाई असते आणि चॅम्फर नसेल तर चाक पूर्ण टेकत नाही. बसवताना अगदी पातळ अँटी-सीझ, म्हणजे रिंग जाम होऊ नये म्हणून लावायचं वंगण. रिंग भार घेत नाही, तो नटच्या दाबाने घेतला जातो. रिंग चाक मध्यावर धरते, म्हणजे नट आवळताना ते एका बाजूला बसत नाही.

नट नवीन घेतले: १२ बाय १.२५, ६० अंशांचा शंकू, बंद टोकाचे. टोयोटा-ह्युंदाईचे १२ बाय १.५ असतात. ते एक-दोन आटे सहज जातात आणि मग अडतात. तिथं एअरगन मारली की बोल्ट गेला. पहिले आटे हातानेच फिरवायचे. निदान बोल्टच्या व्यासाइतकी पकड हवी, म्हणजे १२ मिलिमीटर, म्हणजे या आट्यांवर साडेनऊ फेरे. मी हाताने मोजून बघितले, त्याहून जास्तच आले. टायरवाल्याकडे बॅलन्सिंग झाल्यावर एअरगन बाजूला ठेवायला सांगितलं आणि मॅन्युअलमधल्या आकड्यावर टॉर्क रेंचने आवळलं.

करीला गेलो तेव्हा प्रत्येक सेशननंतर चाकं गार होऊ देऊन टॉर्क पुन्हा तपासला. पहिल्या सेशननंतर दोन नट किंचित फिरले, त्यानंतर एकही नाही. नव्या रंगाचा थर नटखाली दबतो, त्यामुळे पहिल्यांदा हे अपेक्षितच असतं. हवा थंड असताना कमी ठेवली होती, गरम झाल्यावर सहा-सात पीएसआय चढली. खडूची रेघ आता खांद्याच्या काठावर थांबली. आणि स्टिअरिंग! हात फिरला की नाक वळतं. आधी लवणारी भिंत मधून निघून गेल्यासारखं वाटलं. ब्रेक सोडत वळणात शिरताना गाडी काय करतेय हे हातांना कळायला लागलं, आणि तिथून पुढं वेग आपोआप वाढला. वजनात काहीच वाचलेलं नसताना हा फरक पडला, म्हणून मी कुणी विचारलं तर आधी रुंदी आणि टायर सांगतो, किलो नंतर.

परत आल्यावर डायल गेज पुन्हा लावला. चारही चाकांचे आकडे नवीन असतानाचेच. आतल्या कडा टॉर्चखाली बघितल्या, रंगाला कुठं तडा नाही.

बजेटमधले उरलेले पैसे नट आणि बॅलन्सिंगमध्ये गेले. आता पुढच्या टायरांचा बाहेरचा पट्टा आतल्यापेक्षा गरम येतो, तापमापकाच्या बंदुकीने प्रत्येक वेळी तेच दिसतं. पुढं थोडा निगेटिव्ह कॅम्बर, म्हणजे चाकाचा वरचा भाग आत कललेला, लागेल. मिस्त्रींशी बोलणं झालंय, कॅम्बर बोल्ट मागवले आहेत. ते आले की अलाइनमेंट करून पुन्हा खडू मारायचा.